वराडचे वराडकर : एका डॉक्टरची राजकीय कारकीर्द

पेणचे ते पेणकर, रोह्याचे ते रोहेकर, नवगावचे ते नवगावकर, दिवेआगरचे ते दिवेकर. आपल्या समाजात आडनाव सांगितले की गाव वेगळे सांगावे लागत नाही, मग माणूस लोदला राहो, दिमोनाला राहो, की इथे हॉलंडात उइटहॉर्नला राहो. तळकोकणातही हीच रीत आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात, मालवण तालुक्यात, वराड नावाचे गाव आहे. त्या गावचे ते वराडकर. त्यांपैकी अशोक वराडकर नावाचे एक गृहस्थ डॉक्टर झाले, १९६० नंतरच्या दशकात विलायतेला गेले, आणि त्यांचा मुलगा पुढे आयर्लंडचा पंतप्रधान झाला.

लिओ वराडकर हे नाव आपण सर्वांनी वर्तमानपत्रांतून वाचले आहे. २०१७ साली मराठी पत्रांनी "मालवणचा सुपुत्र" म्हणून भरभरून लिहिले. त्या आनंदात गैर काही नाही. पण फेटा बांधून झाला की मागे काय उरते? मी आयुष्यभर नर्सचे काम केले, त्यातली बरीच वर्षे कॅज्युअल्टीत. त्यामुळे मला या गृहस्थांविषयी वेगळेच कुतूहल आहे. दवाखान्यातला माणूस सत्तेवर बसला, तर दवाखान्यातल्या माणसांचे काय होते?

डॉक्टरांनी राजकारणात जाणे आपल्याकडे नवे नाही. आपलेच डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर १९३७-३८ साली मुंबईचे महापौर होते. महालक्ष्मीहून वरळीकडे जाणाऱ्या डॉ. ई. मोझेस रोडवरून आपल्यापैकी किती जण गेले असतील, त्यांतल्या किती जणांना तो रस्ता आपल्या माणसाच्या नावाचा आहे हे ठाऊक होते, कोण जाणे. त्याच सुमारास हृदयरोगाचे प्रख्यात डॉक्टर गिल्डर मुंबई इलाख्याचे आरोग्यमंत्री झाले, आणि नागपूरचे डॉ. ना. भा. खरे मध्य प्रांताचे मुख्यमंत्री. या मंडळींनी आधी डॉक्टर म्हणून नाव कमावले आणि मग ते सभेत शिरले. वराडकरांचे तसे नाही. डॉक्टरकी आणि राजकारण दोन्ही त्यांनी एकाच वयात धरले, आणि त्यांतले एक लवकर सोडले.

आईवडिलांची गोष्ट आधी सांगते, कारण ती आपल्यासारख्यांचीच गोष्ट आहे. इंग्लंडात १९४८ साली सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली आणि तिला माणसे कमी पडू लागली. डॉक्टर हिंदुस्थानातून आले, नर्सेस आयर्लंडातून आल्या. वॉटरफर्ड परगण्यातल्या डन्गारव्हन गावची मिरियम हॉवेल ही अशीच एक मुलगी, नर्स म्हणून स्लाव गावी काम करीत होती. तिथेच डॉ. अशोक वराडकर भेटले. १९७१ च्या आरंभी लग्न झाले. थोडे दिवस लेस्टरला, मग काही काळ हिंदुस्थानात, आणि १९७३ साली कुटुंब डब्लिनला स्थायिक झाले. वडिलांनी ब्लँचर्ड्सटाउन या उपनगरात फॅमिली डॉक्टर म्हणून जम बसवला. डॉ. अशोकरावांचे दोन भाऊ स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगात गेले होते, असे लिओ सांगत आले आहेत. एका घरातले दोघे इंग्रजांच्या तुरुंगात आणि तिसरा इंग्रजांच्या इस्पितळात, असे त्या पिढीत किती तरी घरांत घडले.

लिओ हे शेंडेफळ. दोन बहिणींच्या पाठीवर १८ जानेवारी १९७९ ला डब्लिनच्या रोटुंडा इस्पितळात जन्म. १७४५ साली स्थापन झालेले हे बाळंतपणाचे इस्पितळ जगातल्या जुन्यांपैकी एक. सात-आठ वर्षांचा असताना आईच्या मैत्रिणींना या मुलाने सांगितले म्हणे, की मोठेपणी मी आरोग्यमंत्री होणार. आई ओशाळली असणार. मुलांनी इंजिनड्रायव्हर व्हावे, विमान चालवावे, हे समजते, पण आरोग्यमंत्री?

ट्रिनिटी कॉलेजात प्रवेश घेतला तो कायद्याला, पुढे बदलून वैद्यकाकडे आले. त्याच वेळी फिन गेल पक्षाच्या तरुण शाखेत काम सुरू झाले. १९९९ साली, अवघे वीस वर्षांचे असताना, स्थानिक निवडणुकीला उभे राहिले आणि सपाटून पडले. शिक्षणाच्या शेवटी काही काळ ते मुंबईला, परळच्या के. ई. एम. इस्पितळात उमेदवारी करून गेले. ज्यांनी ते इस्पितळ पाहिले आहे त्यांना मी काय सांगावे! एका खाटेवर एक, खाटेखाली सतरंजीवर दुसरा, आणि नातेवाइकांची गर्दी. युरोपात शिकलेल्या पोराला तिथे सहा महिन्यांत जे शिकायला मिळते, ते डब्लिनच्या पुस्तकात नसते.

२००३ साली पदवी मिळाली, आणि त्याच वर्षी फिंगल परगण्याच्या कौन्सिलवर एका रिकाम्या जागी त्यांना घेण्यात आले. पुढच्याच वर्षी, २००४ साली, निवडणुकीत ४,८९४ पहिल्या पसंतीची मते मिळाली, त्या खेपेला साऱ्या देशात सर्वांत जास्त. आयर्लंडात मतदार एकाच नावावर फुली मारीत नाही, पहिली पसंती, दुसरी, तिसरी असे आकडे घालतो, म्हणून "पहिल्या पसंतीची". दिवसा इस्पितळात कनिष्ठ डॉक्टर, संध्याकाळी कौन्सिलची बैठक, असा क्रम काही वर्षे चालला. सेंट जेम्स आणि कॉनली या दोन डब्लिनच्या इस्पितळांत त्यांनी काम केले. २००७ साली डब्लिन पश्चिम मतदारसंघातून ते डॉलमध्ये, म्हणजे तिथल्या लोकसभेत, निवडून गेले. फॅमिली डॉक्टर म्हणून पुरी पात्रता मिळाली ती २०१० साली. म्हणजे खासदार आधी आणि पुरा डॉक्टर नंतर! २०११ च्या मार्चमध्ये ते वाहतूकमंत्री झाले, आणि २०१३ साली डॉक्टरांच्या नोंदवहीतून त्यांचे नाव निघाले. ते नाव पुन्हा कसे चढले ते पुढे येईल.

११ जुलै २०१४ ला आरोग्यखाते आले, लहानपणी बोलून दाखवलेले. इथे मला थोडे थांबायचे आहे.

आयर्लंडात नर्सेसची संघटना रोज सकाळी एक काम करते. देशातल्या इस्पितळांत किती रोगी ट्रॉलीवर पडून आहेत ते मोजते आणि आकडा जाहीर करते. ट्रॉलीवरचा रोगी म्हणजे कॅज्युअल्टीत आला, डॉक्टरने तपासला, दाखल करायचे ठरले, पण वॉर्डात खाट नाही, म्हणून पॅसेजमध्ये चाकाच्या अरुंद पलंगावर पडून राहिलेला माणूस. ६ जानेवारी २०१५ ला हा आकडा ६०१ झाला. तोवरचा तो उच्चांक. मंत्रिमहाशय त्या दिवसांत परदेशी सुट्टीवर होते, त्यावरून व्हायची ती टीका झाली.

ज्यांनी कॅज्युअल्टी बाहेरून पाहिली आहे त्यांना वाटते, गर्दी झाली म्हणजे पुढच्या दाराने जास्त माणसे आली. पुष्कळदा तसे नसते. मागचे दार बंद झालेले असते. वॉर्डातली म्हातारी बरी झाली, पण घरी तिच्याकडे पाहणारे कोणी नाही आणि वृद्धाश्रमात जागा नाही, म्हणून ती खाट अडवून बसते. तिची खाट रिकामी नाही म्हणून कॅज्युअल्टीतला न्यूमोनिया वर जात नाही. तो जात नाही म्हणून ॲम्ब्युलन्सवाले दाराशी ताटकळतात. आयर्लंडात तर २००८ च्या आर्थिक कोसळण्यानंतर खाटा कमी केल्या होत्या आणि नोकरभरती रोखली होती. नर्सेस ऑस्ट्रेलियाला गेल्या. वराडकर डॉक्टर असल्याने त्यांना ही साखळी कोणी समजावून सांगावी लागली नाही. त्यांनी वृद्धाश्रमांच्या योजनेत जादा पैसा घातला, तो याच मागच्या दारासाठी. उपाय बरोबर होता, पण तोकडा पडला.

त्यांच्या खात्यातल्या कारभारात एक गोष्ट मला मनापासून आवडली. १ जुलै २०१५ पासून सहा वर्षांखालच्या सर्व मुलांना फॅमिली डॉक्टरकडे फुकट तपासणी सुरू झाली, आणि त्याच उन्हाळ्यात सत्तरीच्या पुढच्यांनाही. आपल्या हॉलंडात हाउसआर्ट्सकडे जायला वेगळे पैसे पडत नाहीत, याची इतकी सवय झाली आहे की आयर्लंडात तेव्हा बहुसंख्य लोक प्रत्येक भेटीला पन्नासएक युरो मोजत हे ऐकून आश्चर्य वाटते. ताप आलेल्या मुलाला न्यावे की उद्यापर्यंत वाट पाहावी, हा विचार आईने खिशाकडे पाहून करावा लागणे चांगले नव्हे. मात्र साऱ्या देशाला विम्याखाली आणण्याची सरकारची मोठी योजना त्यांनीच गुंडाळून ठेवली. खर्च परवडत नाही, असे स्पष्ट सांगितले.

याच काळात, १८ जानेवारी २०१५ ला, छत्तिसाव्या वाढदिवशी, रेडिओवरच्या मुलाखतीत त्यांनी आपण समलिंगी असल्याचे सांगून टाकले. आयर्लंडात मंत्रिपदावरच्या कोणी हे उघड सांगण्याची ही पहिलीच वेळ. चार महिन्यांनी, २२ मे ला, समलिंगी विवाहावर सार्वमत झाले आणि ६२ टक्के लोकांनी होकार दिला. आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्यांना हा विषय रुचत नाही हे मला माहीत आहे, तेव्हा इतकेच लिहिते की त्यांचे जोडीदारही डॉक्टरच आहेत, हृदयरोगाचे.

आता ज्या प्रकरणासाठी मी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येते.

सविता हलप्पनवार ही बेळगावची मुलगी. दातांची डॉक्टर. लग्न होऊन नवऱ्याबरोबर आयर्लंडात गॉलवेला गेली. ऑक्टोबर २०१२ मध्ये, वय एकतीस, पहिलेच गरोदरपण, सतरावा आठवडा. २१ तारखेला पाठीत कळा येऊ लागल्या म्हणून गॉलवेच्या युनिव्हर्सिटी इस्पितळात गेली. गर्भ राहणार नाही हे डॉक्टरांना कळून चुकले होते. तिने आणि नवऱ्याने विनवले, की राहणारच नाही तर मोकळे करा. पण गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू होते, आणि १९८३ साली आयर्लंडच्या घटनेत घातलेल्या आठव्या दुरुस्तीने गर्भाच्या जिवाला आईच्या जिवाइतकाच हक्क दिला होता. आईचा जीव जातो आहे अशी खात्री झाल्याखेरीज डॉक्टरला हात लावता येत नव्हता. ती खात्री होईपर्यंत रक्तात विष भिनले. २८ ऑक्टोबरला सविता गेली.

मी नर्स आहे, म्हणून एवढ्यावर थांबत नाही. चौकशी झाली तेव्हा नुसता कायदाच नव्हे, इस्पितळही उघडे पडले. नाडी, ताप, रक्तदाब वेळच्या वेळी पाहिले गेले नाहीत, रक्ताच्या तपासणीचा निकाल कोणी पाठपुरावा करून वाचला नाही. आरोग्यसेवेच्या दर्जावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने तिला वाचवण्याच्या हुकलेल्या तेरा संधी मोजल्या. तेरा! दर चार तासांनी नाडी मोजणे हे कंटाळवाणे काम आहे, त्यात काही विद्वत्ता नाही, पण सेप्सिस पहिल्यांदा तिथेच दिसतो. कायद्याने डॉक्टरांचे हात बांधले होते हे खरे, आणि हात बांधलेले असताना डोळेही मिटले गेले हेही खरे. दोन्ही सांगितले पाहिजे, नाही तर सविताला पुरा न्याय मिळत नाही.

वराडकर या प्रश्नावर आधी कुठे होते? गर्भपाताच्या विरुद्ध. २०१० सालच्या एका मुलाखतीत त्यांनी बलात्काराच्या बाबतीतही विरोधच दाखवला होता. मग खाते हातात आले, प्रकरणे समोर आली, आणि डिसेंबर २०१४ मध्ये याच गृहस्थांनी डॉलमध्ये सांगितले की आठवी दुरुस्ती फार जाचक आहे आणि तिच्या धाकाने डॉक्टर निर्णय घ्यायला कचरतात. कोणी म्हणेल, वारा पाहून पाठ फिरवली. मला तसे वाटत नाही. तेव्हा वारा अजून फिरला नव्हता. मतपेटीच्या आधी साडेतीन वर्षे हे बोलायला राजकारण्यापेक्षा डॉक्टर जास्त लागतो.

पंतप्रधान झाल्यावर त्यांनी सार्वमत लावले. सविताच्या वडिलांनी बेळगावहून आयर्लंडच्या लोकांना आवाहन केले, की माझ्या मुलीची आठवण ठेवा. २५ मे २०१८ ला मतदान झाले आणि ६६.४ टक्क्यांनी दुरुस्ती रद्द ठरली. नवा कायदा डिसेंबरात झाला आणि १ जानेवारी २०१९ पासून अमलात आला. बेळगावची एक मुलगी गेली आणि मालवणच्या रक्ताचा एक माणूस खुर्चीवर असताना तो कायदा गेला. मतदान आयरिश लोकांनीच केले, श्रेय त्यांचेच. वर्षानुवर्षे झगडलेल्या तिथल्या बायकांचे तर आधी.

पण मी पुढे गेले. पंतप्रधान कसे झाले ते राहिलेच. मे २०१७ मध्ये एन्डा केनी यांनी पद सोडले. पक्षनेतेपदासाठी वराडकर आणि सायमन कोव्हनी असे दोघे. निकाल मोठा मौजेचा लागला. पक्षाच्या साध्या सभासदांनी कोव्हनींना जवळजवळ दुप्पट मते दिली, पण नियमाप्रमाणे त्यांच्या मतांना वजन २५ टक्के आणि खासदारांच्या मतांना ६५ टक्के. ७३ पैकी ५१ खासदार वराडकरांकडे. झाले! २ जूनला नेते, आणि १४ जून २०१७ ला टीशॉक, म्हणजे पंतप्रधान. मते ५७ विरुद्ध ५०, तटस्थ ४७. वय अडतीस, त्या देशाच्या इतिहासात सर्वांत तरुण. तेव्हा पोर्तुगालचे पंतप्रधान होते मडगावच्या घराण्यातले अंतोनियो कॉस्ता. युरोपच्या सत्तावीस-अठ्ठावीस प्रमुखांच्या टेबलाशी कोकण किनाऱ्यावरच्या मुळाचे दोघे, हे चित्र ब्रसेल्सला कोणाच्या ध्यानीमनी आले नसेल, पण मला पाहून गंमत वाटे.

ब्रेक्झिटची बोलणी हे त्यांच्या कारकिर्दीतले सर्वांत गाजलेले काम. आयर्लंडच्या बेटावर पुन्हा सरहद्द उभी राहू नये, हा त्यांचा हट्ट. ऑक्टोबर २०१९ मध्ये बोरिस जॉन्सनशी लिव्हरपूलजवळच्या एका हवेलीत भेट झाली आणि कोंडी फुटली. इतिहासकार यावर पुष्कळ लिहितील. मी मात्र आपल्या वॉर्डात परतते.

३० जानेवारी २०१९ ला आयर्लंडच्या नर्सेस संपावर गेल्या. त्यांची संघटना स्थापन झाली १९१९ साली, आणि शंभर वर्षांतला हा दुसराच देशव्यापी संप. म्हणजे संपाची हौस असलेली ही जमात नव्हे. मागणी पगाराची होती, आणि पगार वाढल्याशिवाय नर्सेस देशात टिकणार नाहीत हे गणित होते. फेब्रुवारीत तडजोड झाली. त्याआधी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, पंतप्रधान बोलून गेले होते की जानेवारीच्या पहिल्या दोन आठवड्यांत इस्पितळातल्या लोकांनी रजा घेऊ नये. नर्सच्या मुलाने हे बोलावे! नाताळच्या रात्री ड्यूटी करून सकाळी मुलांना शाळेचे डबे भरून देणाऱ्या बायकांना रजेचा उपदेश, आणि तोही २०१५ च्या जानेवारीत सुट्टीवर असलेल्याकडून. तर्काने त्यांचे बरोबर असेल, जानेवारीत गर्दी होते हे खरेच आहे. पण हुशार डॉक्टरांचा हा जुना दोष आहे, बरोबर ते बोलतात, पण कोणासमोर बोलतो आहोत ते पाहत नाहीत.

त्याच सुमारास आणखी एक प्रकरण निघाले. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी सरकार बायकांची तपासणी करीत असे. कॅन्सर झालेल्या बायकांच्या जुन्या काचपट्ट्या फेरतपासल्या तेव्हा चुकलेले निदान सापडले, पण त्या बायकांना कळवलेच नाही. विकी फेलन नावाच्या बाईने कोर्टात जाऊन आणि गुप्ततेच्या अटीवर सही करायला नकार देऊन, एप्रिल २०१८ मध्ये हे जगापुढे आणले. अशा बायका पुढे दोनशे एकवीस निघाल्या. २२ ऑक्टोबर २०१९ ला वराडकरांनी डॉलमध्ये देशाच्या वतीने क्षमा मागितली. विकी फेलन १४ नोव्हेंबर २०२२ ला वारल्या. रोग्याच्या कागदात काय लिहिले आहे हे रोग्याला सांगायचे, ही गोष्ट नर्सिंगच्या पहिल्या वर्षात शिकवतात. डॉक्टर पंतप्रधान असलेल्या देशात ती कोर्टाकडून वदवून घ्यावी लागली.

डिसेंबर २०१९ च्या अखेरीस ते आईवडील, बहिणी असे सर्व कुटुंब घेऊन वराडला गेले. खाजगी भेट होती, पण गाव खाजगी कसले ठेवते! सत्कार झाला, वडिलांचे घर पाहिले. तिथून परतले ते पराभवाकडे. ८ फेब्रुवारी २०२० च्या निवडणुकीत त्यांचा पक्ष तिसरा आला, ३५ जागा. लोकांना ब्रेक्झिट नको होते, घर हवे होते. डब्लिनची भाडी आकाशाला भिडली होती आणि दहा हजारांवर माणसे बेघर म्हणून सरकारच्या निवाऱ्यात होती. २० फेब्रुवारीला त्यांनी राजीनामा दिला, पण नवे सरकार बनेना, म्हणून काळजीवाहू राहिले. आणि मग कोरोना आला.

१२ मार्च २०२० ला ते सेंट पॅट्रिकच्या सणानिमित्त वॉशिंग्टनला होते. तिथूनच सकाळी त्यांनी शाळा-कॉलेजे बंद केल्याचे जाहीर केले. शांत बोलले, आकडे सांगितले, घाबरवले नाही. त्या दिवसांत इथे उइटहॉर्नला आमच्या डोक्यावरून स्खिपोलची विमाने जायची थांबली आणि आम्स्टल नदीकाठी इतकी शांतता झाली की कान दुखावेत. डच आरोग्यमंत्री ब्रुनो ब्रुइन्स १८ मार्चला थकव्याने सभागृहातच कोसळले आणि दुसऱ्या दिवशी पद सोडून गेले. इथली खरी सूत्रे दिसली ती रॉटरडॅमच्या एर्नस्ट काउपर्स या डॉक्टरांच्या हाती. तातडीच्या उपचारांच्या देशव्यापी जाळ्याचे ते प्रमुख, कुठल्या इस्पितळात अतिदक्षतेची खाट रिकामी आहे ते पाहून रोगी सारा देशभर, प्रसंगी जर्मनीलाही, पाठवणारे. पुढे जानेवारी २०२२ मध्ये तेही आरोग्यमंत्री झाले आणि दोन वर्षांनी राजकारण सोडून गेले. खाटांची व्यवस्था करणारा उत्तम माणूस मंत्री म्हणून तेवढा रमला नाही. दोन्ही कामे एक नव्हेत, हे डच लोकांनाही तेव्हा दिसले.

वराडकरांचे उलट. मार्चमध्ये आयर्लंडच्या आरोग्यसेवेने निवृत्त आणि बाहेर गेलेल्या डॉक्टर-नर्सेसना परत बोलावले, तेव्हा पंतप्रधानांनी सात वर्षांपूर्वी निघालेले आपले नाव पुन्हा नोंदवहीत घालून घेतले. आठवड्यातून एक पाळी, टेलिफोनवर रोग्यांची विचारपूस. काही जण म्हणाले, जाहिरातबाजी. असेलही थोडी. पण टेलिफोनवर रोगी तपासणे हे काम सोपे नाही, हे मला सांगितले पाहिजे. डोळ्यांना काही दिसत नाही, हाताला नाडी लागत नाही. बोलणाऱ्याचे वाक्य कुठे तुटते ते ऐकावे लागते. "मी ठीक आहे" हे दोन श्वासांत म्हणणारा माणूस ठीक नसतो. ज्याला हे घरी बसवायचे की ॲम्ब्युलन्स पाठवायची हे आठवड्यातून एक दिवस स्वतः ठरवावे लागते, तो उरलेल्या सहा दिवसांत मंत्रिमंडळात बसून वेगळे ऐकतो, असे मला वाटते. वडिलांनी जन्मभर केले ते काम त्यांनी त्या एका पाळीपुरते केले.

२७ जून २०२० ला तीन पक्षांचे सरकार आले. पंतप्रधानपद वाटून घ्यायचे ठरले, आधी मायकेल मार्टिन, मग वराडकर. मधल्या काळात एक डाग लागला. २०१९ साली पंतप्रधान असताना त्यांनी फॅमिली डॉक्टरांच्या कराराचा गोपनीय मसुदा एका मित्राला दिला होता, आणि तो मित्र होता ज्या संघटनेशी करार चालला होता तिच्या प्रतिस्पर्धी संघटनेचा अध्यक्ष. २०२० च्या शरदात हे छापून आले. डॉलमध्ये माफी मागावी लागली, पोलिस चौकशी झाली, आणि जुलै २०२२ मध्ये खटला भरायचा नाही असे ठरले. खटला नाही म्हणजे वागणे योग्य होते असे नाही. डॉक्टरांच्या आपापसातल्या मैत्रीत गुपिते अशीच इकडची तिकडे होतात, पण देशाचा कागद म्हणजे केसपेपर नव्हे, आणि केसपेपरही असा द्यायचा नसतो.

१७ डिसेंबर २०२२ ला ते दुसऱ्यांदा पंतप्रधान झाले. ३ जानेवारी २०२३ ला सकाळी नर्सेसनी ट्रॉल्या मोजल्या. आकडा निघाला ९३१. आठ वर्षांपूर्वी ६०१ चा बभ्रा झाला होता.

८ मार्च २०२४ ला त्यांनी दोन सार्वमते घेतली. १९३७ च्या घटनेतले "बाईचे घरातले जीवन आणि तिची घरातली कर्तव्ये" असले जुने शब्द काढून तिथे घरात आजाऱ्यांची देखभाल करणाऱ्या सर्वांचा उल्लेख करायचा होता. हेतू चांगला, पण शब्द इतके मोघम की अपंगांची सेवा करणारी कुटुंबेच म्हणाली, यात सरकार आमच्यासाठी नक्की काय करणार ते कुठे आहे? ७४ टक्क्यांच्या आसपास लोकांनी ते फेटाळले. दुसरेही पडले.

बारा दिवसांनी, २० मार्चला, इमारतीच्या पायऱ्यांवर येऊन त्यांनी राजीनामा जाहीर केला. कारणे वैयक्तिक आहेत आणि राजकीयही, आता या कामाला मी सर्वांत योग्य माणूस नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. ९ एप्रिल २०२४ ला सायमन हॅरिस पंतप्रधान झाले. २०१८ च्या सार्वमताच्या वेळचे आरोग्यमंत्री तेच. वय सदतीस, त्यामुळे सर्वांत तरुण पंतप्रधानाचा मानही वराडकरांकडून गेला. हॅरिस डॉक्टर नाहीत, कॉलेज अर्धवट सोडून राजकारणात आलेले. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीला वराडकर उभे राहिले नाहीत. २०२५ साली ते अमेरिकेत हार्वर्डच्या केनेडी स्कूलमध्ये शिकवायला गेले, आणि त्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्र निघाले. तेव्हा वय सेहेचाळीस. आपल्याकडे त्या वयाला पुष्कळ डॉक्टरांचा दवाखाना नुकता कुठे चालू लागलेला असतो.